पाणी फेकून द्यायचं

रविवारी उत्तनच्या समुद्रावर माझ्या सहा वर्षांच्या पोरीला विचारणार होते, की बाई, तुला आईकडं राहायचंय की काकूकडं? आणि मी, तिची आई, शनिवारी संध्याकाळी वाण्याच्या दुकानात उभी राहून अर्धा किलो मॅक्रोनी मागत होते.

"शंखवाला दूँ या नलीवाला, भाभी?"

"वो ठंडा करके खाते हैं ना, वो."

वाणी हसला. हसू दे मेल्याला. त्याच्या घरची पोर कुणी मागायला आलं नव्हतं.

ही चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही भाईंदर पूर्वेला नवघरमध्ये चाळीत राहायचो, एका खोलीत चौघं. माझे मालक वाल्मिक स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा दात आणि डोळे सोडले तर सगळा माणूस काळा. त्याच कामावर त्यांनी धाकट्या भावाला, लोकेशभाऊजींना, परभणीहून आणून बी. कॉम. केलं. भाऊजी सरकारी ऑफिसात लागले, मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये त्यांनी फ्लॅट घेतला, शिकलेली बायको केली. पंचशीला तिचं नाव. घरी शिकवण्या घ्यायची. सगळं झालं, फक्त आठ वर्षं झाली तरी मूल नाही.

तर भाऊजी एक दिवस आले आणि म्हणाले, "दादा, तुम्ही मला शिकवलंत. आता मानसीला मी शिकवतो. जूनमध्ये आमच्या तिथं इंग्रजी शाळेत नाव घालू. राहील आमच्याकडं. सुट्टीला येत जाईल."

आमच्या ह्यांचे डोळेच भरले. मी काय बोलणार? आमच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली ह्यांनीच रंगानं लिहिलेलं 'शिका'. आमच्यात एक वेळ पोटाला नाही म्हणता येतं, शाळेला नाही म्हणता येत नाही. मी "बघू" म्हटलं आणि दोन महिने "बघू"च म्हणत राहिले. पण मला हे 'शाळेपुरतं' चांगलं ठाऊक होतं. माझ्या मामानं त्याचा थोरला असाच भावाकडं शाळेपुरता ठेवला होता. तो आता स्वतःच्या आईला 'मोठी आई' म्हणतो आणि लग्नाच्या पत्रिकेत तिचं नाव चौथ्या ओळीत होतं.

शेवटी हेच म्हणाले, "आपण भांडायचं नाही. सगळे मिळून एक दिवस फिरायला जाऊ, समुद्रावर, मोकळ्या हवेत. तिथं पोरीलाच विचारू. ती म्हणेल तसं."

वा रे न्याय! सहा वर्षांच्या लेकराला विचारायचं. एकीकडं फ्लॅट, फ्रीज, नळ फिरवला की पाणी. दुसरीकडं मी. आणि माझी जीभ.

एप्रिलात मानसी आठ दिवस तिकडं राहून आली होती. आल्यापासून तिच्या तोंडात एकच. "आई, काकूनी थंड मॅक्रोनी केलेली. काकडी-टमाटर घालून. लिंबू पिळून. तू कर ना." रोज रोज ऐकून माझं डोकं उठलं होतं. पण रविवार ठरला आणि मला तेच आठवलं. सांगायला लाज वाटते, पण मला खरंच वाटलं, की मी ते करून नेलं, सगळ्यांसमोर डबा उघडला, तर पोर म्हणेल, आईकडं पण आहे की सगळं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी काडी शंखाच्या आकाराची होती.

कृती विचारायला पंचशीलाकडं जाणार थोडीच! शेजारी आशा राहायची, रत्नागिरीची. जेसल पार्कात दोन घरी स्वयंपाकाला जायची.

"सोप्पं हाय गो," ती म्हणाली. "मोठं पातेलं घ्यायचं, भरपूर पाणी, जरा मीठ. उकळलं की शंख टाकायचे. शिजले की पाणी फेकून द्यायचं. मग वरनं गार पाणी ओतायचं, ते पण फेकून द्यायचं. निथळले की भाजी चिरून घालायची, लिंबू, मिरपूड, चमचाभर तेल. झालं."

"फेकून द्यायचं?"

"फेकूनच."

"दोन्ही वेळा?"

"मग काय प्यायचंस? किती विचारतेस गो!"

आशाला हसू आलं, पण मला आलं नाही. आमच्या चाळीत पाणी तिसऱ्या दिवशी यायचं. सकाळी सहाला, पाऊण तास, सगळ्यांत मिळून एक नळ. शुक्रवारी आलं होतं, आता थेट सोमवारी. खाली विहीर होती, पण तिचं पाणी खारट, भांड्यांना आणि धुण्याला तेवढं चालायचं. आमच्या घरात पाण्याचा कायदा होता आणि तो मी केलेला होता. आंघोळीला माणशी एक कळशी. पिण्याचा हंडा वेगळा, त्याला हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. मानसीची कळशी छोटी होती. कारखान्यात पोटाला पोचा गेला म्हणून बाजूला टाकलेली, ह्यांनी मागून आणली आणि तोंड दिसेल इतकी चमकवून दिली. नळाला पाणी आलं की माझी पोर ती कमरेवर घेऊन मिरवत दारापर्यंत यायची, एक थेंब सांडायची नाही.

तर रविवारी पहाटे साडेपाचला उठले. नऊची बस होती. अर्धे शंख काढले आणि माझं शहाणपण चालवलं. फेकायचंच आहे तर कशाला जास्त घ्या? भातासारखं बेतानं घालू, आटून जाईल, फेकायला उरणारच नाही. आणि फुकट जायचंच तर विहिरीचं घेऊ.

कुणी म्हणेल काय ही बाई, तांब्याभर पाण्यासाठी एवढा जीव! म्हणू दे. माझी आजी गावात दुसऱ्यांच्या विहिरीच्या कडेला रिकामी घागर घेऊन उभी राहायची. वरच्या कुणी दया येऊन ओतलं तर ओतलं. दोन-दोन तास. मी तिचा हात धरून उभी असायची. शिजवून पाणी फेकणं मला कुणी शिकवलंच नाही, मी काय करू?

वीस मिनिटांनी झाकण काढलं तर पातेल्यात एक गोळा. शंख नाही, काही नाही, पांढरी खळ. वर खारट इतकी की जिभेला झिणझिण्या आल्या, कारण पाणी आधीच खारं आणि त्यात मी आशाच्या सांगण्यानं मीठ घातलेलं.

संघर्ष, माझा थोरला, बारा वर्षांचा, उठून बघायला आला. "आई, ह्यानं जयंतीची पोस्टरं चिकटवू ना. मस्त चिकटतील."

"तुझं थोबाड चिकटवते आधी!"

तेवढ्यात मानसी आली, तिची कळशी दोन्ही हातांनी धरून. शुक्रवारची तिच्या वाटची राखून ठेवलेली. "आई, मी आंघोळ करू? समुद्रावर जायचंय ना?"

माझ्या डोक्यात नुसता जाळ होता. घड्याळात सव्वासहा झाले होते. मी म्हणाले, "कर! सगळे करा! पाणी काय माझ्या बापानं साठवून ठेवलंय! या घरात एक माणूस कमी असतं ना, तर एक कळशी तरी उरली असती माझ्या जिवाला!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मानसीनं कळशी मोरीच्या कडेला ठेवली, त्यातल्या ओंजळभर पाण्यानं तोंड धुतलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. मला दिसलं ते. पण माझं सगळं लक्ष त्या पातेल्यात.

आता अर्धेच शंख उरले होते. हे बिघडले की संपलं. मी पिण्याचा हंडा उचलला. अर्धा भरलेला होता. फिरायला न्यायचं पाणी तेवढंच, घरातलंही तेवढंच. सगळा पातेल्यात ओतला, मीठ टाकलं. मानसी उंबऱ्यावरून बघत होती. हंडा उपडा केला तसा खणकन आवाज झाला, तिनं मान वळवली.

या वेळी शंख छान शिजले. सुटे सुटे, टपोरे. आता फेकायचं. मोरीपाशी गेले, पातेलं कलतं केलं, आणि हात पुढं जाईना. शप्पथ सांगते, जाईना. शेवटी ताट लावून ते पाणी दुसऱ्या भांड्यात निथळलं. वरनं ओतायला गार पाणी कुठलं? पेपरानं वारा घातला. काकडी, टमाटर, शिमला मिरची बारीक चिरली, लिंबू पिळलं, मिरपूड, तेल. चव घेतली आणि बाई, खरंच चांगलं झालं होतं! मी एकटीच उभी राहून हसले.

आणि ते निथळलेलं पाणी? प्यायला दुसरं होतंच कुठं. गार झाल्यावर पाच लिटरच्या कॅनमध्ये भरलं. जरा पांढरट दिसत होतं. म्हटलं, पाणीच आहे, उकळलेलं आहे, कुणाला कळतंय.

भाईंदर पश्चिमेला बस सुटायच्या जागी भाऊजी आणि पंचशीला उभे होते. "जय भीम, ताई," म्हणत तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. तिच्या खांद्याला पाण्याच्या दोन बाटल्या, बर्फ घालून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. चपात्या आणि अंड्याची भाजी. एका कागदी पिशवीत फ्रॉक दिसत होता, नवा, फिकट पिवळा. मला तो बरोबर दिसावा असा ठेवला नव्हता तिनं, उलट लपवत होती. पण मला दिसायचंच.

मुर्धा गेलं, राई गेलं, मोरव्याच्या पुढं बस खाड्कन थांबली. ड्रायव्हर उतरला, बोनेट उघडलं, धूर निघाला. "उतरा. दुसरी गाडी येईल तेव्हा येईल." दुष्काळात तेरावा महिना! तासभर ऊन खात थांबलो. गाडी काही येईना. भाऊजी म्हणाले, "चला, चालत जाऊ, आता किती लांब असणार?" ऑफिसात पंख्याखाली बसणाऱ्यांचं असंच असतं. मिठागरांवरून येणारा वारासुद्धा तापलेला. अर्ध्या वाटेत संघर्षच्या चपलेचा अंगठा तुटला. तो एक पाय ओढत चालला. मग म्हणाला, "आई, पाणी."

मी ऐकलंच नाही असं केलं. त्यानं कॅन ह्यांच्या हातातून घेतला, तोंडाला लावला आणि फुर्रकन रस्त्यावर थुंकला.

"आई, हे काय गं? हे खळीचं पाणी आहे! खारट!"

सगळे थांबले. ह्यांनी कॅन घेऊन घोटभर पिऊन बघितलं. माझ्याकडं बघितलं. "वैजयंता, यात काय शिजवलंस?"

भाऊजी हसले. वाईट हेतूनं नाही, पण हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. "पांढरं पाणी कधी बघितलं नाही का तुम्ही? आमच्या घरी फ्रीज नाही भाऊजी, आम्ही काय मिळेल ते पितो!"

"वहिनी, मी कुठं काय—"

"नाही ना बोललात? मग चला."

पंचशीलानं मुकाट्यानं तिच्या बाटल्या काढल्या. आधी संघर्षला दिली, मग मानसीला, मग ह्यांना. मला पुढं केली तेव्हा मी "नको, तहान नाही" म्हटलं. घसा नुसता कोरडा पडला होता माझा. दोघांपुरतं आणलेलं पाणी पाच जणांत उत्तन यायच्या आत संपलं.

कोळीवाड्यात शिरलो. पहिल्याच दारात एक म्हातारी जाळं विणत बसली होती. ह्यांनी पाणी मागितलं.

"न्हाय रं बाबा. नळ काल येऊन गेला, आता परवा. हिरीचा खारा हाय." मग तिनं मानसीकडं बघितलं. पोरीचं तोंड लाल झालं होतं. म्हातारी आत गेली आणि एक पेला भरून घेऊन आली. "पोरीला दे. येवढाच हाय."

मानसीनं पेला दोन्ही हातांनी घेतला. अर्धा प्यायली. मग थांबली, पेल्यात किती उरलंय ते बघितलं, आणि माझ्यासमोर धरला. "आई, हे तुझं."

मी प्यायले. सगळ्यांसमोर, पंचशीलाला नको म्हटल्यावर, मी ते अर्धा पेला पाणी प्यायले. एवढी तहान लागली होती.

समुद्रावर एका ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत बसलो. समोर वाळत घातलेले बोंबील, वाळू इतकी तापलेली की पाय टेकवत नव्हता. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मी डबा काढला. माझी काडी होती ती, तीच काय ती उरली होती.

"मानसी, बघ काय आणलंय."

झाकण उघडलं. पाच तास उन्हात हिंडून शंख फुगले होते, काकडीला पाणी सुटलं होतं, सगळं कोमट. तरी मी पहिली वाटी मानसीला वाढली. ती वाटीकडं बघत बसली.

"ताई, छान झालंय," पंचशीला म्हणाली. तिनं दोन घास खाल्ले, मग परत वाढून घेतलं. ती वाईट असती तर किती बरं झालं असतं. मला मनासारखं भांडता तरी आलं असतं.

"खा ना गं," मी मानसीला म्हटलं.

"भूक नाही."

"तुझ्यासाठी केलंय. तूच म्हणत होतीस ना रोज, कर कर?"

"नको, आई."

"अगं का नको? काकूचं आवडतं आणि आईचं नको का?" माझा आवाज चढला. शेजारच्या होडीतली दोन माणसं वळून बघायला लागली.

मानसी खाली मान घालून म्हणाली, "ह्याला आख्खा हंडा लागला."

संघर्ष वाळूत रेघोट्या ओढत होता, त्याचा हात थांबला. मग ह्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, नको, आता नको विचारू, अहो, आज नको. पण तोंडातून शब्द फुटेना. इतर वेळी नको तिथं चालणारी जीभ, आज टाळ्याला चिकटली.

"मानसी," हे म्हणाले, "शाळा सुरू झाली की तुला कुठं राहायचंय बेटा? आपल्याकडं, का काकूकडं? तू म्हणशील तसं. कुणी रागावणार नाही."

ती माझ्याकडं बघायला लागली. इतका वेळ बघितलं की मला आशा वाटली.

"काकूकडं," ती म्हणाली.

पंचशीलानं तोंडावर पदर धरला आणि रडायलाच लागली. भाऊजींनी ह्यांचा हात धरला. मी डब्याचं झाकण लावलं. नीट लावलं, दोनदा दाबून बघितलं. मनात म्हटलं, घे, कर अजून मॅक्रोनी. बर्फाच्या बाटल्या आणि पिवळा फ्रॉक, त्यापुढं तू कोण? पोरीचा राग आला मला. माझ्याच पोटच्या पोरीचा, इतका, की जवळ घेऊन एक मुका घ्यावा एवढंही सुचलं नाही.

ठरलं की आजच न्यावं, म्हणजे जूनपर्यंत रुळेल. परतीची बस मिळाली. स्टेशनाचा पूल ओलांडून पूर्वेला आलो, भाऊजींनी मीरा रोडला जायला रिक्षा थांबवली. मानसीचे केस वाऱ्यानं विस्कटले होते. मी तिथंच रस्त्यावर खाली बसून तिची वेणी घालायला घेतली. काहीतरी करायला हवं होतं हातांना. ती माझ्या खांद्याला धरून उभी होती. रिबीन बांधली तशी ती वाकून माझ्या कानात म्हणाली, एकदम खुशीत, गुपित सांगावं तशी:

"आई, आता तुला एक कळशी उरेल."

मी वर बघेपर्यंत भाऊजींनी तिला उचलून रिक्षात ठेवलं होतं. रिक्षा निघाली. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. हे म्हणतात, मी रस्त्यावर तशीच बसून होते आणि लोक गोल करून उभे राहिले होते.

सोमवारी सकाळी सहाला पाणी आलं. मी पिंप भरलं, पिण्याचा हंडा भरला, कळश्या भरल्या. सवयीनं शेवटी ती पोचा पडलेली छोटी कळशीही नळाखाली धरली. काठोकाठ भरून दारात आणून ठेवली आणि मग माझ्या लक्षात आलं. कुणाचीच नव्हती ती. उरली होती. मी मागितली होती ना? मिळाली.

हे कामावर जायला निघाले होते. "ही कुणाची भरलीस?" म्हणाले, आणि उंबऱ्यावर बसले.

मग मी सांगितलं त्यांना सगळं. पहाटे काय बोलले ते, आणि ती कानात काय बोलली ते. एक अक्षर लपवलं नाही. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले.

"मी जातेय तिला आणायला," मी म्हटलं.

"आणि शाळा?"

"शाळा नवघरला पण आहे. संघर्ष जातोय तिथंच."

"वैजयंता, तिचं चांगलं होत होतं. बाबासाहेबांनी—"

"बाबासाहेबांनी शिका म्हटलंय. आईवरचा बोजा कमी करायला घर सोडून जा, असं लेकराला कुठं म्हटलंय? दाखवा मला!"

त्यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "जा."

मी ती कळशी उचलली. तशीच भरलेली, वर ताटली झाकून. का? कारण नुसतं तोंडानं सांगून तिला पटणार नव्हतं. तोंडानंच तर सगळा घात केला होता. रिक्षावाला कुरकुरला, "भाभी, पानी गिरेगा, सीट भीगेगा." "धीरे चला फिर," मी म्हटलं. नवघरपासून सिल्व्हर पार्कपर्यंत मी कळशी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. खड्डा आला की श्वास रोखायचे.

दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. पंचशीलानं दार उघडलं. माझ्याकडं बघितलं, कळशीकडं बघितलं. तिचे डोळे सुजलेले होते. कालच्या आनंदानं कुणाचे डोळे इतके सुजत नाहीत.

"ताई," ती हळूच म्हणाली, "काल आल्यापासून घरभर नळ घट्ट करत फिरतेय. आज बादली भरून दिली तर दोन तांबे अंगावर घेतले आणि म्हणाली, बाकीचं पाणी आईला पाठवता येईल का?"

आतून मानसी आली. अंगात तो पिवळा फ्रॉक. मला बघून धावली नाही. काही चुकलं का आपलं, अशी उभी राहिली.

"आई, पाणी आलं?"

"आलं. सगळ्यांचं भरून झालं, तरी उरलं. बघ." मी खाली बसले, ताटली काढली. "ही तुझी. तुझ्या वाटची. तू नसलीस तरी ही कुणी वापरत नाही. कळलं?"

तिनं कळशीत डोकावून बघितलं. "भाऊचं?"

"झालं."

"पप्पांचं?"

"झालं."

"तुझं?"

शनिवारपासून माझ्या अंगाला पाणी लागलं नव्हतं. "माझं पण झालं," मी म्हटलं.

ती जवळ आली, माझ्या मानेत नाक घातलं आणि वास घेतला. कोळीवाड्याची वाळू, घाम, कालचा सगळा दिवस होता तिथं. ती म्हणाली, "नाही झालं." आणि दोन्ही हातांनी कळशी माझ्याकडं सरकवली. "मग हे तू घे."

मग मला आवरेना. काय काय बोलले ते नीट आठवत नाही. तू कमी नकोस, तू जास्त नाहीस, आई मूर्ख आहे, आई रागात काहीही बोलते, आईचं ऐकायचं नाही. पोर घाबरून माझे डोळे पुसत होती.

पंचशीला दाराला टेकून उभी होती. मग तिनं आत जाऊन मानसीच्या चपला आणल्या, तिच्या पायाशी ठेवल्या. आवाज अगदी साधा ठेवला तिनं. "मानसी, चप्पल घाल बाळा. आई न्यायला आलीय."

फ्रॉक काढून द्यायला मी तिला सांगितलं नाही. पंचशीलानंही मागितला नाही. मी तिला "ये गं घरी" म्हटलं, तिनं मान हलवली, आणि दार लोटलं. कडी लावल्याचा आवाज मात्र आला नाही.

जिन्यावरून आम्ही उतरायला लागलो. एका हातात मानसी, कमरेवर कळशी, ताटली वरच विसरलेली. पायरीपायरीला पाणी हिंदकळत होतं, माझी साडी भिजली, पायऱ्या भिजल्या.

"आई, सांडतंय! आई, थांब ना, सगळं सांडतंय!"

"सांडू दे," मी म्हटलं.